पाच महिने, एका खळग्यासाठी?

काका, नमस्कार. (वय पंच्याहत्तर आणि नोकरी टेलिफोन खात्यात झाली, असं तुम्हीच लिहिलंत, म्हणून काका म्हणते.) आमच्या इंदूरच्या क्वांटम प्रयोगशाळेवरचा माझा लेख वाचून तुम्ही पत्र लिहिलंत. तुमचं म्हणणं असं की करदात्यांच्या पैशावर पाच महिने आम्ही आलेखातला एक खळगा शोधत बसलो. चीननं 2016 मध्येच क्वांटम संदेशवहनाचा उपग्रह सोडला आणि आम्ही अजून इंदुरात आरसे फिरवतोय. शिवाय पीएच.डी. करणाऱ्या त्या मुलीची वर्षं वाया जातायत.

पैशाचं जरूर विचारा. राष्ट्रीय क्वांटम अभियानाला 2023 मध्ये 6003.65 कोटी रुपये मंजूर झाले. हिशेब लोकांनी मागायलाच हवा. इंदूरला मात्र कमी लेखू नका. देशातला पहिला सिंक्रोट्रॉन किरणस्रोत (वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र किरण मिळवणारं यंत्र), इंडस-1, 1999 मध्ये इथंच सुरू झाला.

आता खळगा. समजा, इथून उज्जैनला फायबरमधून एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, पाठवायचाय. 1550 नॅनोमीटरचा प्रकाश चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे साधारण 0.2 डेसिबल घटतो. म्हणजे 50 किलोमीटरवर दहांतला एक पोचतो, 200 वर दहा हजारांतला एक. तुमच्या लायनीत मधे रिपीटर बसवून सिग्नल वाढवता यायचा. इथं तसं करता येत नाही, कारण फोटॉनच्या अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब नक्कल होतच नाही. म्हणून दोन टोकांचे फोटॉन मधे एका अर्धपारदर्शक आरशावर भेटवायचे आणि त्या भेटीतून दोन टोकं जोडायची. दोघं तंतोतंत सारखे असले आणि एकाच क्षणी पोचले, तर ते जोडीनं एकाच बाजूनं बाहेर पडतात. मग दोन बाजूंचे डिटेक्टर (फोटॉन टिपणारी यंत्रं) एकाच वेळी वाजत नाहीत, आणि अशा एकत्र वाजण्याच्या आलेखात खळगा पडतो. हाँग, ऊ आणि मँडेल यांनी 1987 मध्ये तो दाखवला. 50 टक्के खोली मंद केलेल्या साध्या लेसरनंही मिळते. त्याहून बराच खोल गेला तरच फोटॉन खरे जुळे, नाहीतर पुढची सगळी जोडणी फुकट.

आमचा खळगा पहाटे 80 टक्क्यांच्या पुढे जायचा आणि दुपारी 60 वर अडायचा. लेसर तपासला, फिल्टर बदलले, आरसे पुन्हा पुन्हा जुळवले. एका रात्री टेबलाच्या कडेला लोंबणाऱ्या पिवळ्या फायबरच्या वेटोळ्याला पीएच.डी.च्या त्या मुलीचा हात लागला आणि स्क्रीनवरचे आकडे पडले. बरोबर वर एसीचा झोत! दुपारी एसी जोरात चालला की वेटोळं हलायचं, त्यातल्या फोटॉनचं ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) फिरायचं आणि जुळ्यांचं जुळेपण जायचं. तिनं फायबर टेपनं टेबलाला घट्ट चिकटवली, वर थर्माकोलचा खोका उपडा घातला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी 93 टक्के आले.

मुलीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मला लागलं, कारण ते खरं आहे. त्याच काळात तिच्या शिष्यवृत्तीचे पैसे चार महिने आले नव्हते, तरी ती रात्री थांबत होती. आणि मी लेखभर "आम्ही शोधलं, आम्ही केलं" लिहीत सुटले. ते वेटोळं तिनं शोधलं. आज सकाळी तिला विचारून तो परिच्छेद बदललाय.