आइन्स्टाइनने परतीचं तिकीट दिलेलं नाही

सकाळची बॅच सुटली की नागपूरच्या धरमपेठेतल्या ठेल्यावर तर्री पोहे खायचे, हा माझा आणि बारावीच्या तीन-चार पोरांचा नेम. परवा एकाने मोबाइल पुढे केला. "सर, हे पाहा न. बाबांनी पाठवलं. खरं आहे का?"

मेसेज मलाही तीन ग्रुपांवर आला होता. दावा असा: आइन्स्टाइनने कालप्रवास सिद्ध केलाय; अंतराळवीर तरुण होऊन परततात; प्रकाशापेक्षा जोरात गेलं की माणूस भूतकाळात पोचतो; अवकाशात तशी वाटही सापडलीय; आणि पुराणातल्या रेवतीच्या गोष्टीत हे सगळं आधीच लिहून ठेवलंय. पोहे संपले, बोलणं संपलं नाही, म्हणून इथे लिहितो.

पहिलं, अंतराळवीर. तरुण कोणीच होत नाही, यानाच्या प्रचंड वेगामुळे म्हातारं होणं तेवढं किंचित मंदावतं. स्कॉट केली ३४० दिवस अंतराळ स्थानकात राहून २०१६ मध्ये परतला, तेव्हा जमिनीवरच्या जुळ्या भावाच्या तुलनेत त्याचा वाचलेला वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. शिवाय उंचीचा परिणाम उलटा असतो, वर घड्याळ जोरात पळतं. १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग या शास्त्रज्ञांनी सीझियमची अतिशय अचूक अणुघड्याळं प्रवासी विमानांतून जगाभोवती फिरवली. पृथ्वी स्वतःच पूर्वेकडे फिरते, म्हणून तिकडे जाताना वेग वाढतो, पश्चिमेकडे जाताना घटतो. पूर्वेकडे गेलेली सुमारे ५९ नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) मागे पडली, पश्चिमेकडची २७३ पुढे गेली. त्याच हिशेबाने नागपूरहून मुंबईला विमानाने जाणारा माणूस घरी बसलेल्यापेक्षा पाच-दहा नॅनोसेकंद जास्तच म्हातारा होऊन उतरतो. वर तिकिटाचे पैसे.

म्हणून "सगळं थोतांड आहे" म्हणणाऱ्यांच्याही मी बाजूचा नाही. तुमच्या मोबाइलवरचा नकाशा चालतो तो याच फरकाच्या हिशेबावर. जीपीएस उपग्रहाचं घड्याळ वेगामुळे दिवसाला ७ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दशलक्षावे भाग) मागे पडतं आणि उंचीमुळे ४५ पुढे जातं; निव्वळ ३८ पुढे. ऐकायला किरकोळ, पण तेवढ्यात प्रकाश ११ किलोमीटर जातो, आणि जागा काढायची असते ती उपग्रहाकडून येणाऱ्या रेडिओ लहरींना लागलेल्या वेळावरूनच. म्हणून ही घड्याळं पाठवतानाच मुद्दाम किंचित हळू लावलेली असतात. भरपूर वेग मिळाला तर भविष्यात खरंच लांब जाता येईल, आइन्स्टाइनचा सापेक्षतेचा सिद्धांत त्याला आडवा येत नाही. पण हा एकमार्गी रस्ता आहे.

मागे जायचं म्हणून मेसेजवाला प्रकाशाला मागे टाकायला सांगतो. ठेल्यावरच्या कागदावर पोरांना सूत्र मांडून दाखवलं. वेग प्रकाशाइतका व्हायला ऊर्जा अनंत लागते, त्यापुढचा वेग घातला तर वर्गमूळाखाली ऋण आकडा येतो. घड्याळ उलटं फिरेल असं त्यातून निघत नाही. एक मात्र कबूल: प्रकाशाहून वेगवान संदेश पाठवता आला, तर सापेक्षतेप्रमाणे तो भूतकाळात धाडण्याची सोय खरोखर होते. तसा संदेश आजवर कोणाला सापडलेला नाही. २०११ मध्ये सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशाच्या ६० नॅनोसेकंद आधी पोचल्यासारखे दिसले होते. तपासाअंती निघालं काय, तर ऑप्टिकल फायबरची जोडणी सैल होती.

वाटेचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात खोटं कमी आणि घाई जास्त आहे. कुर्ट गोडेल हा प्रिन्स्टनला आइन्स्टाइनसोबत रोज फिरायला जाणारा तर्कशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये त्याने आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून असं एक विश्व काढून दाखवलं, की त्यात यानातून पुरेसा मोठा फेरा मारला तर माणूस स्वतःच्या भूतकाळात येतो. गणितात चूक नव्हती. अट एवढीच, की अख्खं विश्व गरगर फिरत असायला हवं. आपलं विश्व प्रसरण पावतंय, असं फिरत असल्याचं दिसलेलं नाही. अशी उत्तरं भौतिक कारणांनी बाद ठरतात का ते तपासायला हवं, असं आइन्स्टाइनने तेव्हाच लिहिलं होतं. मग १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी कृमिविवराचा, म्हणजे अवकाशातल्या बोगद्याचा, हिशेब मांडला. तो उघडा ठेवायला ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा हवी, तीही प्रचंड. शिवाय बोगदा कालयंत्र बनला त्या क्षणाच्या मागे त्यातून जाताच येत नाही. म्हणजे आज बांधला तरी १९४७ काही भेटणार नाही. असा बोगदा कोणीही पाहिलेला नाही, "सापडला" तो फक्त कागदावर. निसर्ग असे रस्ते बंदच करत असावा, असं भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडलं. तो अंदाज आहे, सिद्धता नाही. ती अजून कोणाकडेच नाही.

राहिली रेवती. ककुद्मी राजा मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गाणं चालू होतं, म्हणून जरा थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगं उलटली, मनातल्या वरांची नातवंडं-पतवंडंसुद्धा उरली नाहीत. यात ना वेग आहे ना समीकरण, आणि ही सफर पुढचीच आहे. ब्रह्मदेवाशी थेट ओळख असूनही ककुद्मीला मागे फिरता आलं नाही. त्याने रेवती बलरामाला दिली आणि स्वतः बदरिकाश्रमाला तपाला निघून गेला.