६९ च्या शेवरले कमॅरोच्या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्ही मराठीत लिहिलंय म्हणून उत्तरही मराठीतच देतोय, आणि इथे डेट्रॉईटच्या आसपास जुन्या गाड्या सांभाळणारे आपले लोक हे वाचतील म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की ३०० हॉर्सपॉवरचं इंजिन आमच्या डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) १५८ दाखवतं म्हणजे डायनोच खोटा, तुम्ही आणलेला ७५० सीएफएमचा (मिनिटाला ७५० घनफूट हवा जाऊ देणारा) कार्ब्युरेटर आम्ही बसवला नाही, काही रिपेअर न करता नुसतं चेकिंगचं बिल लावलं, आणि वर इंजिन उघडायला सांगून तुम्हाला खर्चात पाडायला बघतोय.

आधी त्या ३०० चं. हा शेवरलेने १९६९ ला छापलेला ग्रॉस आकडा आहे, म्हणजे इंजिन गाडीबाहेर स्टँडवर, एअर क्लीनर नाही, गाडीचा स्वतःचा एक्झॉस्ट नाही, टायमिंग (स्पार्क कधी पडतो ते) एकदम मनासारखं लावलेलं. १९७१ ला जीएमने (शेवरलेची मालक कंपनी) ग्रॉस आणि नेट (एअर क्लीनर, एक्झॉस्ट सगळं लावून मोजलेला) दोन्ही आकडे दिले तेव्हा शेवरलेच्याच कॉर्व्हेटच्या बेस ३५० क्युबिक इंच इंजिनला २७० ग्रॉस आणि २१० नेट असं छापलं होतं, इंजिन एकच, मोजायची पद्धत वेगळी, आणि १९७२ पासून तर फक्त नेटच छापायला लागले. त्यात आमचा डायनो चाकावर मोजतो, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल यांनी खाऊन जे उरतं ते. धडधाकट स्टॉक (कंपनीतून आली तशीच) एसएस ३५०, म्हणजे तुमचंच मॉडेल, आमच्या रोलरवर १९० ते २०० च्या मध्ये येते. म्हणजे तुमच्या गाडीतून ३५-४० हॉर्सपॉवर खरंच गायब होते, ही तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर होती, आणि ते कुठे गेले हे शोधायचेच पैसे आम्ही घेतले. रक्कम आधी लिहून दिली होती तेवढीच घेतली.

आता कार्ब. पेडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का, कार्बची सेकंडरी, म्हणजे जास्त पॉवर लागल्यावर उघडणारी मागची तोंडं, उघडतात का, हे आम्ही सगळ्यात आधी बघतो कारण बरेचदा पॉवर तिथेच अडकलेली असते, तुमच्यात ते ठीक होतं. फुल थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं मिक्स्चर १२.७, म्हणजे बरोबर, फ्युएल प्रेशर पडत नाही, आणि इनटेकमधलं व्हॅक्यूम एक इंचाच्याही खाली, म्हणजे इंजिनला हवा कमी पडतच नाहीये. आणि सर, तुमच्या गाडीवर जो ओरिजिनल क्वाड्राजेट कार्ब आहे तो मुळात ७५० सीएफएमचाच आहे! ३५० क्युबिक इंचाचं इंजिन ५००० आरपीएमला अगदी काठोकाठ भरलं तरी ५०६ सीएफएमच्या वर ओढू शकत नाही. नवा कार्ब बसवून मजुरी घेणं आम्हाला सोपं होतं, पण गाडी तशीच राहिली असती, म्हणून नाही बसवला. तो अजून डब्यातच आहे, परत होत असेल तर करून टाका.

काही रिपेअर केलं नाही हे मात्र मला मान्य नाही. टायमिंग लाइटवर ३४ डिग्री दिसत होते पण पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन अगदी वर असतो ती जागा) काढला तर प्रत्यक्षात २६ च निघाले, कारण तुमच्या इंजिनवर बॅलन्सर (इंजिनच्या पुढची रेघ असलेली चकती) एका काळातला आणि टायमिंग टॅब (ती रेघ वाचायची पट्टी) दुसऱ्या काळातला आहे. १९६९ ला शेवरलेने बॅलन्सरवरच्या रेघेची जागा बदलली, आणि इंजिन बांधताना जुनेनवे पार्ट एकत्र आले की बरोबर आठ डिग्रीचा घोळ होतो, आणि लाइट मारणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. आम्ही नवी खूण करून टायमिंग नीट लावलं आणि १५८ चे १७३ झाले. ते त्याच बिलात आहे, डायनो शीटवर दोन्ही रन आहेत.

उरलेले हॉर्सपॉवर आतच आहेत. लीकडाउन (सिलिंडरमधून हवा गळते का याची टेस्ट) चांगला आला, रिंगा आणि व्हॉल्व्ह धरून आहेत, पण कॉम्प्रेशन आठही सिलिंडरला सारखंच कमी. व्हॉल्व्ह कव्हर काढलं तर हेडवर कास्टिंग नंबर ३३३८८२, म्हणजे सत्तरीतले ७६ सीसी चेंबरचे हेड, आणि चेंबर मोठा की कॉम्प्रेशन कमी. तुमच्या इंजिनला ६४ सीसीचे हवेत. त्यामुळे सव्वादहाचं कॉम्प्रेशन नऊच्या आसपास आलंय. ज्यांनी इंजिन बांधून दिलं त्यांनी हे तुम्हाला सांगायला हवं होतं, या गोष्टीचा मला खरंच राग येतो, कारण तुम्ही पैसे पूर्ण मोजलेत.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅम, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. इंजिन बांधणाऱ्यांच्या बिलावर स्टॉक ९२९ कॅम लिहिलाय, त्याची एक्झॉस्ट लोब लिफ्ट (कॅमवरच्या उंचवट्याची उचल) ०.२७३ इंच असते, तुमच्या पाच नंबर सिलिंडरच्या लोबला डायल गेज लावला तर ०.१९ च आली आणि तीन नंबरही झिजायला लागलाय. फ्लॅट टॅपेट कॅमला (ज्यावर लिफ्टर घासत चालतात) झिंक असलेलं ऑइल आणि नीट ब्रेक-इन (सुरुवातीचं रुळवणं) लागतं, हल्लीच्या साध्या ऑइलमध्ये झिंक कमी असतं. फिल्टर कापून बघितला तर त्यात चमकी होती, ते कॅमचंच लोखंड, आणि ते बेअरिंगपर्यंत जायला वेळ लागत नाही. इंजिन उघडा असं म्हणालो ते यासाठी.

लोबचे, फिल्टरचे, कास्टिंग नंबरचे फोटो आणि दोन्ही डायनो शीट तुम्हाला ईमेल केल्यात. काम आमच्याकडेच करा असा आग्रह नाही, दुसऱ्या कुठल्याही शॉपला दाखवा, त्यांना काही विचारायचं असेल तर मी फोनवर बोलेन. फक्त ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (जुन्या गाड्यांच्या मेळ्याला) गाडी घेऊन जायचा तुमचा विचार आहे तो कॅम बदलेपर्यंत थांबवा. बदलताना लिफ्टर नवेच घाला, जुने नव्या कॅमवर वापरू नका, ऑइल पॅन काढून पंप आणि बेअरिंग बघून घ्या, आणि पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर आयडलवर न ठेवता २००० च्या वर वीस-तीस मिनिटं चालवा.