‘सगळे रिव्ह्यू विकलेले असतात’ या मजकुराला उत्तर

गेला महिनाभर पुण्यातल्या गेम खेळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक निनावी मजकूर फिरतो आहे. मला तो चार जणांकडून आला आणि त्यांपैकी दोघे अजून शाळेत आहेत. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मोठ्या संकेतस्थळांचे समीक्षक कंपन्यांकडून पैसे घेऊन गुण देतात, कोणत्याही मोठ्या गेमला दहापैकी सातच्या खाली गुण मिळत नाहीत, हाच त्याचा पुरावा, खरे बोलतात ते यूट्यूबवरचे गेमर आणि स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, मत नोंदवणारे सामान्य खेळाडू, गेममधली खरेदी ऐच्छिक असते, त्यामुळे तिच्यावरून समीक्षकांनी केलेला आरडाओरडा निरर्थक आहे, आणि गेम आवडला नाही तर पैसे परत मिळतात, म्हणून समीक्षेची गरजच उरलेली नाही.

पीएस फाइव्ह या सोनीच्या कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरचा, नवा मोठा गेम आज पाच हजार रुपयांच्या घरात जातो. कोथरूड-कर्वेनगर भागातल्या माझ्या ओळखीच्या बहुतेक मुलांसाठी ही वाढदिवसाचे आणि दिवाळीचे पैसे साठवून वर्षातून एकदा-दोनदा करायची खरेदी असते. त्या मुलांना ‘समीक्षा वाचूच नका’ असे कोणी सांगत असेल, तर त्याचे मुद्दे एकेक करून तपासले पाहिजेत.

पैसे घेऊन गुण देण्याचा आरोप सर्वांत जुना आहे आणि त्याच्या पुष्ट्यर्थ नेहमी एकच प्रकरण सांगितले जाते. नोव्हेंबर २००७ मध्ये गेमस्पॉट या संकेतस्थळाने जेफ गर्स्टमन या आपल्या ज्येष्ठ संपादकाला कामावरून काढले. त्याने ‘केन अँड लिंच: डेड मेन’ या गेमला दहापैकी सहा गुण दिले होते, आणि त्याच दिवसांत त्या गेमच्या प्रकाशकाच्या, म्हणजे आयडॉसच्या, जाहिराती संकेतस्थळभर झळकत होत्या. पुढे २०१२ मध्ये गर्स्टमनने स्वतः जाहीरपणे सांगितले की जाहिरातदारांच्या दबावातूनच हे घडले. प्रकरण खरे आहे आणि लाजिरवाणे आहे. परंतु ते नीट वाचले तर मजकुराच्या विरोधात जाते, कारण समीक्षक विकला गेला असता तर सहा गुण छापून आले नसते आणि त्याला काढण्याची वेळही आली नसती. दबाव आला तो जाहिरात विभागाच्या मार्गाने, आणि समीक्षकाने तो न मानल्यामुळे त्याची नोकरी गेली.

त्यानंतरच्या काळात कंपन्यांनी जे केले त्यासाठी लाच देण्याची गरजच नव्हती. नोव्हेंबर २०१५ मध्ये कोटाकू या संकेतस्थळाने उघड केले की अप्रकाशित गेमच्या बातम्या दिल्यामुळे बेथेस्डा आणि युबीसॉफ्ट या कंपन्यांनी त्यांच्याशी संपर्कच तोडला आहे; ना उत्तरे मिळत, ना आगाऊ प्रती. २०१६ मध्ये बेथेस्डाने जाहीर केले की समीक्षकांना प्रत यापुढे विक्रीच्या फक्त एक दिवस आधी मिळेल. तीस-चाळीस तासांचा गेम एका दिवसात कोणी प्रामाणिकपणे तपासू शकत नाही, आणि आगाऊ नोंदणी केलेला ग्राहक समीक्षा येईपर्यंत पैसे भरून मोकळा झालेला असतो.

या नियंत्रणाचे सर्वांत मोठे उदाहरण ‘सायबरपंक २०७७’चे आहे. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी विक्रीला आला. त्याआधी समीक्षकांना केवळ पीसीची प्रत देण्यात आली, पीएस फोर आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलची नाही. शिवाय पहिल्या समीक्षांमध्ये स्वतः टिपलेली चित्रफीत वापरण्यास मनाई होती, कंपनीने पुरवलेलीच दृश्ये दाखवायची होती. शक्तिशाली पीसीवर गेम चांगला चालत होता आणि समीक्षकांनी तसे लिहिले. सगळ्या समीक्षांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर ती सरासरी विक्रीपूर्वी शंभरपैकी नव्वदच्या आसपास पोचली. ज्यांच्याकडे जुने कन्सोल होते त्यांनी डिस्क घातल्यावर मात्र गेम अडखळत चालत होता आणि मध्येच बंद पडत होता. आठ दिवसांत, १८ डिसेंबरला, सोनीने हा गेम आपल्या दुकानातून काढून घेतला आणि तो परत यायला पुढच्या वर्षीचा जून उजाडला. जुन्या कन्सोलवरचा गेम विक्रीपूर्वी दाखवायला हवा होता, अशी कबुली गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीनेच माफी मागताना दिली. या सगळ्यात एकाही समीक्षकाला पैसे दिल्याचे दिसत नाही. कोणाला, कधी, कोणत्या मशीनवरचा गेम द्यायचा आणि त्यातले काय दाखवू द्यायचे, एवढे हातात ठेवले की खऱ्या समीक्षाही ग्राहकाची दिशाभूल करू शकतात. ‘विकलेले समीक्षक’ शोधत बसणाऱ्याच्या नजरेतून नेमके हेच सुटते, आणि माझ्या मते या मजकुराने होणारे खरे नुकसान हे आहे.

समीक्षकांची चूक नव्हती असे मात्र मी म्हणणार नाही. कन्सोलची प्रत मिळालेली नाही ही गोष्ट मथळ्यात यायला हवी होती. काहींनी ती आतल्या परिच्छेदांत नोंदवली, आणि ग्राहक गुणांचा आकडा पाहून थांबला.

सातच्या खाली गुण मिळत नाहीत, हे विधान तर सरळ चुकीचे आहे. मे २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आलेल्या ‘रेडफॉल’ची मेटाक्रिटिकवरील सरासरी शंभरपैकी पन्नाशीत राहिली, आणि ‘अँथेम’ हा ईए या कंपनीचा २०१९ मधला मोठा गेम साठीच्या आसपासच राहिला. दोन्ही कंपन्यांकडे जाहिरातींसाठी पैशांची वानवा नव्हती. तरीही गुण वरच्या बाजूला दाटलेले असतात हे निरीक्षण बरोबर आहे आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मेटाक्रिटिकवर चित्रपटाला ६१ पासून ‘चांगला’ म्हणून हिरवा रंग मिळतो, गेमला मात्र ७५ पासून. म्हणजे ज्या आकड्याला चित्रपटाच्या जगात ‘चांगला’ म्हणतात, त्याला गेमच्या जगात ‘बरा’ म्हणतात. दहावीच्या निकालात सत्तर टक्के मिळाले तर आपल्याकडे घरात जी शांतता पसरते, तिची ज्याला कल्पना आहे त्याला ही मोजपट्टी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. पट्टी फुगलेली आहे. ती कोणी विकत घेतल्यामुळे फुगली असे त्यातून सिद्ध होत नाही.

या आकड्याचा दुरुपयोग होतो तो निराळ्याच ठिकाणी. २०१० च्या ‘फॉलआउट: न्यू वेगास’बद्दल ख्रिस अव्हेलोन या त्याच्या एका निर्मात्याने पुढे सांगितले की मेटाक्रिटिकवर ८५ ची सरासरी मिळाली तरच त्यांच्या ऑब्सिडियन या स्टुडिओला बोनस मिळणार होता. सरासरी ८४ आली. एका गुणाने लोकांच्या कष्टाचे पैसे गेले, आणि ही अट घालणारा होता प्रकाशक; ८४ ही सरासरी ज्यांच्या गुणांतून बनली त्या समीक्षकांना या अटीचा पत्ताही नसावा. उद्योगावर राग धरायचा तर तो अशा करारांवर धरावा.

आपल्या शहरातलेच उदाहरण घेऊ. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आणला. २०१७ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावरची त्यांची निधी उभारणी उद्दिष्टापर्यंत पोचली नव्हती, आणि काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकीला आपला फ्लॅट विकावा लागला. अशा स्टुडिओकडे समीक्षक विकत घेण्याचे पैसे कुठून असणार? तरीही परदेशी संकेतस्थळांनी त्याची दखल घेतली, चित्रशैलीचे आणि पुराणकथांच्या वापराचे कौतुक केले, लढाईच्या रचनेतल्या उणिवा दाखवल्या आणि त्याप्रमाणे मध्यम ते चांगले गुण दिले. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातील सर्वोत्तम इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र स्टुडिओच्या, गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले. सगळे विकलेले असते तर पुण्यातला हा गेम कोणाला माहीतही झाला नसता.

आता यूट्यूबवरच्या गेमरांविषयी. पैसे दिल्याचा अधिकृत कागद जर कुठे सापडतो तर तो याच बाजूला सापडतो. ‘मिडल-अर्थ: शॅडो ऑफ मॉर्डॉर’च्या प्रचारासाठी वॉर्नर ब्रदर्सने नामांकित यूट्यूबरांना पैसे दिले, गेमबद्दल चांगलेच बोलण्याची अट घातली आणि ही गोष्ट प्रेक्षकांपुढे पुरेशी स्पष्ट केली नाही, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला, २०१६ मध्ये कंपनीने त्यावर तडजोड केली. आपल्याकडेही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातदाराशी असलेला आर्थिक संबंध सांगणे बंधनकारक आहे. नियम आहे, पालन मात्र तुरळक दिसते. काही वर्षांपूर्वी आम्ही चौघा मित्रांनी वर्गणी काढून एक गेम घेतला, तो एका उत्साही व्हिडिओवर विश्वास ठेवून. गेम पहिल्याच आठवड्यात बाजूला पडला. नंतर त्या व्हिडिओखालचे वर्णन पूर्ण उघडून पाहिले, तेव्हा शेवटच्या ओळीत प्रायोजकाचे आभार मानलेले आढळले. प्रामाणिक यूट्यूबर भरपूर आहेत आणि मी स्वतः काहींवर अवलंबून राहतो. पण केवळ यूट्यूबर असणे हे प्रामाणिकपणाचे प्रमाणपत्र ठरू शकत नाही.

स्टीमवरच्या मतांचे मोल मला मान्य आहे. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’च्या पीसी खेळाडूंवर प्लेस्टेशन खाते जोडण्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा दोन लाखांहून अधिक नकारात्मक मते नोंदली गेली आणि काही दिवसांतच सोनीला माघार घ्यावी लागली. ते योग्यच झाले. पण त्या दिवशी तो गेम खेळायला कसा आहे हे जाणून घेऊ पाहणाऱ्याला त्या मतांमधून काय कळले असते? जून २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ बाजारात आल्यावर काही तासांतच मेटाक्रिटिकवर शून्य गुणांची रांग लागली होती. वीस-पंचवीस तासांची कथा त्यांतल्या बहुतेकांनी पाहिलेली असणे शक्य नव्हते. नंतर मेटाक्रिटिकने नवा गेम आल्यावर खेळाडूंची मते स्वीकारण्यापूर्वी छत्तीस तास थांबण्याचा नियम केला. समूहाचे मत हा निषेधाचा प्रभावी मार्ग आहे, परंतु निषेध आणि परीक्षण ही दोन वेगळी कामे आहेत.

गेममधली खरेदी ऐच्छिक असते, हा मुद्दा मला सर्वांत धोकादायक वाटतो. नोव्हेंबर २०१७ मधल्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’मध्ये डार्थ व्हेडर हे पात्र मिळवायला सुरुवातीला साठ हजार क्रेडिट (गेममधले चलन) लागत होते, आणि त्यासाठी सुमारे चाळीस तास खेळावे लागेल असा हिशेब खेळाडूंनी मांडला. लूट बॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते आधी न कळणारी पेटी, विकत न घेणाऱ्याचेही हे चाळीस तास जाणारच होते. दुकान गेमच्या आत उघडले की गेमची गती दुकानाच्या सोयीने ठरते, आणि म्हणून ती समीक्षेचा विषय ठरते. टीका एवढी झाली की ईएने आधी किंमत तीन चतुर्थांशाने उतरवली आणि विक्रीच्या आदल्या दिवशी पैशांची खरेदी पूर्ण थांबवली. पुढे एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने काही नामांकित गेममधले लूट बॉक्स जुगाराच्या कायद्यात बसतात असे म्हटले. डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या एपिक कंपनीने अमेरिकेत बावन्न कोटी डॉलर देण्याचे मान्य केले आणि त्यांतले साडेचोवीस कोटी, फसव्या बटणरचनेमुळे नकळत खरेदी केलेल्या ग्राहकांना परत देण्यासाठी होते. नकळत झालेल्या खरेदीला ऐच्छिक म्हणता येत नाही. भारतातही नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या रचनांना ग्राहक संरक्षण कायद्याखाली मनाई करण्यात आली आहे.

इथे समीक्षक कमी पडतात हे मात्र खरे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने ही बाजू धरली असती तर मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. ‘क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्यूल्ड’ जून २०१९ मध्ये आला, समीक्षा छापून झाल्या, आणि ऑगस्टमध्ये ॲक्टिव्हिजनने त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकायला सुरुवात केली. गुण जूनच्या गेमचे राहिले, ग्राहक विकत घेत होता तो ऑगस्टचा गेम. संकेतस्थळांनी अशा वेळी जुन्या समीक्षेच्या वर ठळक टीप लावावी, ही मागणी आपण सातत्याने करायला हवी.

पैसे परत मिळण्याविषयी थोडक्यात. स्टीमचा नियम चौदा दिवस आणि दोन तासांहून कमी खेळ असा आहे. दोन तासांत अनेक मोठ्या गेमचे प्रशिक्षणही संपत नाही. प्लेस्टेशनच्या दुकानात एकदा डाउनलोड सुरू केले की सहसा परतावा मिळत नाही. आणि केवळ इंटरनेटवर जोडूनच खेळता येणाऱ्या युबीसॉफ्टच्या ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी कायमचे बंद झाले तेव्हा वर्षांपूर्वी तो विकत घेतलेल्यांना चौदा दिवसांच्या नियमाचा काय उपयोग होता?

मजकूर पाठवणाऱ्या दोन शाळकरी मुलांपैकी एकाकडे पीएस फोर आहे आणि तो एका नव्या गेमसाठी पैसे साठवतो आहे. हे सगळे ऐकल्यावर त्याने विचारले, ‘मग दादा, मी नेमके काय बघू?’ मी म्हणालो, गुणांकडे नंतर जा, समीक्षा कोणत्या मशीनवर खेळून लिहिली आहे ते आधी शोध. त्याने तिथेच फोनवर शोधले. आलेल्या सगळ्या समीक्षा पीसीवरच्या होत्या. खरेदी त्याने पुढे ढकलली आहे.