काकूची वही

परवा शेजारच्या बागायतदाराने विचारलं, "आंब्याची वेबसाइट नवी करताय म्हणे, कितीला पडली?" कितीला, हे सगळेच विचारतात. कशासाठी, हे कोणी विचारत नाही. तीन वर्षांपूर्वी आम्हीही विचारलं नव्हतं.

तेव्हा डिझायनरला एवढंच सांगितलं, "जरा भारी दिसू दे." त्याने केली भारी. उघडल्याबरोबर ड्रोनमधून आमची हापूसची बाग, मागे समुद्र. बाबा खूश! पण एप्रिलात गिऱ्हाईक लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर साइट उघडायचं, तर व्हिडिओ नुसता गरगरत राहायचा आणि पेटीचा भाव कुठेतरी पार तळाला. त्यात साइटच्या पानांचे पत्ते (लिंक) बदलले, आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर नेणारं ३०१ रीडायरेक्ट लावायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. 'आंबा घरी कसा पिकवावा' हे आमचं गुगलवर चांगलं वर दिसणारं पान गायब झालं. (दोष डिझायनरला नाही देणार. कुठलं पान चालतं ते आम्हीच कधी पाहिलं नव्हतं.)

यंदा सुरुवात काकूच्या वहीपासून केली. हंगामात फोन काकू घेते आणि प्रत्येक फोन टिपून ठेवते. पानामागून पान तेच. "पाच डझनाची पेटी केवढ्याला?" "नागपूरला पाठवता का?" "तयार येणार की कच्चा?" "देवगडचाच ना नक्की?" साइटने काय काम करायचं ते वहीत आधीच लिहिलेलं होतं की!

म्हणून पहिलं उद्दिष्ट हे धरलं: येत्या हंगामात वहीतले हे चार प्रश्न निम्म्यावर यायला हवेत. भाव आणि पिनकोडची चौकशी सगळ्यात वर. हापूसला २०१८ साली जीआय मानांकन (माल त्याच भागातला असल्याची सरकारी ओळख) मिळालं, त्यातला आमचा नोंदणी क्रमांक तळाशी बारीक अक्षरात पडून होता, तोही वर आणला. गुगलच्या मापाने पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा; ते मोजायचं साध्या फोनवर, ऑफिसच्या वायफायवर नाही.

'ट्रॅफिक वाढवणे' मात्र मी यादीतून खोडलं. बघे वाढले म्हणून झाडाला आंबे जास्त लागत नाहीत. माल ठरलेला आहे, तेव्हा गेल्या वर्षीचं गिऱ्हाईक यंदा परत आलं का, एवढंच मोजणार.

आणखी एक, हंगामी धंदेवाल्यांसाठी. गुगलवर आपली साइट किती वेळा दिसली, कितींनी उघडली ते सर्च कन्सोल या गुगलच्याच साधनात कळतं; पण ते आकडे फक्त १६ महिने ठेवतं. दिवाळीत बघायला बसलात तर गेला एप्रिल दिसतो, त्याच्या आधीचा गेलेला असतो. दर जूनमध्ये उतरवून ठेवा. आम्ही नव्हते ठेवले.

नवी साइट जानेवारीतच सुरू करायची, मार्चमध्ये तिला हात लावायचा नाही, हे ठरलंय. बाबांना ड्रोन परत हवाय. काकू म्हणाली, "ठेवा की, पण भावाच्या खाली."