विकलेली गुरे आणि उरलेली गुरे

अमेरिकेच्या कृषी खात्याने कोरोनाकाळात पशुपालकांना सढळ हाताने मदत केली, हे एका लेखातील म्हणणे अर्धेच खरे आहे. या मदतीच्या २०२० मधील पहिल्या टप्प्यात शेतकऱ्यांना आणि पशुपालकांना मिळून थेट मदतीसाठी १६ अब्ज डॉलर होते. मात्र १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात कत्तलीसाठी विकलेल्या पुष्ट जनावरामागे २१४ डॉलर, तर त्यानंतर कळपात उरलेल्या जनावरामागे अवघे ३३ डॉलर देण्यात आले. मोठे कत्तलखाने एप्रिलच्या मध्यालाच बंद पडू लागले होते, त्यामुळे ज्याची गुरे विकलीच गेली नाहीत आणि चाऱ्याचा खर्च मात्र वाढत राहिला, त्याच्याच वाट्याला कमी रक्कम आली. १५ एप्रिल ही तारीख ठरवणाऱ्याने बहुधा कधी गुरे राखली नसावीत! व्यक्तीमागे अडीच लाख डॉलरची मर्यादा होती खरी. पण प्रत्यक्ष राबणारे तीन भागीदार दाखवणाऱ्या कंपनीला साडेसात लाखांपर्यंत मजल मारता येत होती.