ओबामाकेअरपासून प्रकृती कशी सांभाळावी

कायदा सगळ्यांना सारखा असतो असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी हा लेख सावकाश वाचावा. एका दमात वाचल्यास रक्तदाब वाढू शकतो, आणि अमेरिकेत रक्तदाब वाढवून घेणं परवडण्यासारखं राहिलेलं नाही.

२३ मार्च २०१० रोजी बराक ओबामांनी, लोक ज्याला ‘ओबामाकेअर’ म्हणतात त्या, आरोग्यविम्याच्या ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’वर सही केली. कायदा चांगला आहे, असं माझंही मत आहे बरं का. आधीच्या आजाराकडे बोट दाखवून विमा नाकारायचा नाही, पोरांना वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत आईबापांच्या विम्यावर राहू द्यायचं, यात वाईट काय? पण कायदा चांगला असणं आणि तो आपल्यालाच लागू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला मनापासून पाठिंबा द्यावा आणि दुसरीतून वेळीच अंग काढून घ्यावं. कसं, ते सांगतो.

सगळ्यात आधी, तुम्ही एखादं राज्य असाल तर उत्तम. सिनेटमध्ये विधेयक पुढे सरकायला शंभरपैकी साठ मतं लागतात; त्यातलं साठावं कमी पडत असताना तर फारच उत्तम. डिसेंबर २००९ मध्ये नेब्रास्काचे सिनेटर बेन नेल्सन यांनी ते मत दिलं आणि मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या विस्ताराचा नेब्रास्काच्या वाट्याचा खर्च केंद्राने कायमचा उचलावा अशी तरतूद पदरात पाडून घेतली. चूक एकच झाली. मसुद्यात नेब्रास्काचं नाव स्वच्छ लिहिलं होतं. देशभर बोंब झाली आणि तीन महिन्यांत ती तरतूद गेली. याउलट लुइझियानाच्या मेरी लँड्र्यू यांच्याकडून शिका. त्यांच्या कलमात लुइझियाना हा शब्दच नाही. ज्या राज्यातल्या प्रत्येक काउंटीत किंवा पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यात, मागच्या सात आर्थिक वर्षांत राष्ट्रपतींनी मोठी आपत्ती जाहीर केली आहे, अशा ‘काही राज्यांना’ जादा मदत, एवढंच लिहिलंय. कॅटरिना वादळानंतर या वर्णनात किती राज्यं बसत होती, तर एक. लोक म्हणाले, हे दहा कोटी डॉलर कशासाठी? बाईंनी सिनेटमध्ये उभं राहून दुरुस्ती केली की दहा नव्हे, तीस कोटी, आणि मला त्याचा अभिमान आहे. ती तरतूद टिकली. तेव्हा अर्ज करताना स्वतःचं नाव घालू नका, वर्णन घाला. ‘उंची पाच फूट सात इंच, डाव्या भुवईवर तीळ, न्यू जर्सीत एडिसनला राहतो, अशा काही व्यक्तींना’ असं.

राज्य व्हायला जमत नसेल तर कंपनी व्हा. विमा वर्षाला जास्तीत जास्त किती खर्च देईल, त्या वार्षिक मर्यादेवर नव्या कायद्याने बंधन आणलं. पहिल्या वर्षी ती साडेसात लाख डॉलरच्या खाली नेता येत नव्हती. तासावर काम करणाऱ्यांना काही हजारांत गुंडाळणाऱ्या स्वस्त योजना त्यामुळे बेकायदा ठरल्या असत्या. मग सूट निघाली. पहिल्याच यादीत मॅकडोनाल्ड्स होतं. पुढे आकडा बाराशेच्या वर गेला, आणि त्यात कायदा व्हावा म्हणून रस्त्यावर उतरलेल्या कामगार संघटनांचे आरोग्य निधीही होते. ज्यांनी घोषणा दिल्या त्यांनाच तो नको झाला, असं कुणी म्हणू नये. सूट नसती तर त्या गरिबांचा होता तेवढाही विमा गेला असता, हे उत्तर ठरलेलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी ते खरंही होतं. मला त्यातलं फक्त एक आवडलं. कायदा लागू केला की माणसाचं नुकसान होतं, हे कायदा करणाऱ्यांनीच कारण म्हणून लिहून घेतलं.

कंपनी मोठी असेल तर सोन्याहून पिवळं. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाने विमा दिला नाही तर दंड, हे जानेवारी २०१४ पासून सुरू व्हायचं होतं. २ जुलै २०१३ ला, लोक चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, सुट्टीसाठी कोळसा आणि कणसं आणायला बाहेर पडले असताना, अर्थखात्याच्या एका अधिकाऱ्याने खात्याच्या संकेतस्थळावर टिपण टाकलं की हे वर्षभर पुढे ढकलत आहोत. फेब्रुवारी २०१४ मध्ये पन्नास ते नव्व्याण्णव कामगारवाल्यांना आणखी एक वर्ष मिळालं. तुम्हाआम्हाला मात्र ठरल्या दिवशीच. विमा नसेल तर पहिल्या वर्षी ९५ डॉलर किंवा उत्पन्नाचा एक टक्का, यातलं जे जास्त असेल ते.

धर्माचाही मार्ग आहे. विम्याला तत्त्वतः विरोध असणाऱ्या अमिशांसारख्या पंथांना सूट आहे, पण पंथ ३१ डिसेंबर १९५० पासून सतत अस्तित्वात हवा. समान श्रद्धेच्या लोकांनी एकमेकांच्या दवाखान्याचा खर्च वाटून घेण्याच्या संस्थाही चालतात, त्यांना तारीख ३१ डिसेंबर १९९९. यावर आपल्यापैकी काहींचे डोळे चमकले असतील, कारण त्याआधीची मराठी मंडळं अमेरिकेत बरीच आहेत. पण सभासदांच्या श्रद्धा समान असल्या पाहिजेत ही अट आहे. गणपतीच्या जेवणात मसालेभात की पुलाव, यावर मंडळ फुटलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांनी या फंदात पडू नये.

सामान्य माणसाला काहीच नाही असं नाही हं. त्याच्यासाठी हलाखीची सूट होती. घर नसेल तर, घरमालकाने बाहेर काढलं असेल तर, वीज किंवा पाणी तोडण्याची नोटीस आली असेल तर, दिवाळं निघालं असेल तर, घराला आग लागली किंवा पूर आला असेल तर, घरात छळ होत असेल तर, जवळचं माणूस गेलं असेल तर. पुरावा जोडायचा: नोटिशीची प्रत, नाहीतर मृत्यूचा दाखला. एकूण काय, विम्यापासून सुटका हवी असेल तर आधी विम्याची गरज पडेल अशी अवस्था करून घ्यायची. २०१३ च्या अखेरीस तर यादीत आणखी एक भर पडली. ‘तुमचा विमा आवडत असेल तर तो तुमच्याकडे राहील’ हे राष्ट्राध्यक्षांचं वचन लाखो लोकांनी ऐकलं होतं, आणि नव्या नियमांत बसत नाही म्हणून विमा बंद झाल्याची पत्रं त्यांच्याच टपालपेटीत येऊन पडली. डिसेंबरात सरकारने जाहीर केलं, अशा लोकांनाही हलाखीची सूट. पूर, आग, दिवाळं, आणि खुद्द हा कायदा.

आता मुख्य मुद्दा. वरचे सगळे कच्चे खेळाडू. खरी कला पाहायची तर कॅपिटॉल हिलवर, म्हणजे संसदेत, जा. तिथल्यांनी सूट घेतलीच नाही.

झालं असं. आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांनी २००९ मध्ये अडचणीत आणणारी सूचना मांडली की हा कायदा इतका चांगला आहे, तर संसद सदस्य आणि त्यांच्या कर्मचाऱ्यांनीही त्यातलाच विमा घ्यावा. नाही कोण म्हणणार? कलम आलं. मात्र विधेयकाचा अंतिम मसुदा बांधला गेला तेव्हा ‘कर्मचारी’ म्हणजे सदस्याच्या ‘अधिकृत कार्यालयातले’ एवढेच राहिले. पक्षनेत्यांच्या आणि समित्यांच्या कार्यालयांतली माणसं, म्हणजे ज्यांनी मसुदे लिहिले तीच, बाहेर राहू शकत होती. पुढे कोण ‘अधिकृत’ हे ज्याचं त्याने ठरवायचं असं ठरलं, आणि ज्यांनी सिनेटमधून हा कायदा पास करून नेला त्या हॅरी रीड यांच्या नेतेपदाच्या कार्यालयातले काही लोक जुन्याच विम्यावर राहिल्याची बातमी डिसेंबर २०१३ मध्ये आली. वाढपी ओळखीचा असला की पंक्तीत कुठेही बसा, जिलबी पोचते.

बाकीच्यांचं काय? त्यांना कायद्याने उभ्या केलेल्या विम्याच्या नव्या बाजारात जावं लागलं, आणि तिथे पेच पडला. सदस्याचा पगार वर्षाला १,७४,००० डॉलर. एवढ्या पगारावर गरिबांसाठीची मदत मिळत नाही. जुन्या सरकारी योजनेत मात्र हप्त्याचा जवळपास तीन-चतुर्थांश भाग सरकार भरत होतं. नव्या कायद्यात त्या वाट्याबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हणजे सदस्यांना आणि त्यांच्या पोरसवदा साहाय्यकांना पूर्ण हप्ता खिशातून भरावा लागला असता, जसा तुमच्या ओळखीतला स्वतःचा छोटा धंदा करणारा माणूस भरतो. साहाय्यक नोकऱ्या सोडून जातील, देशाची बुद्धी वाहून जाईल, अशी काळजी दोन्ही पक्षांना लागली. ऑगस्ट २०१३ मध्ये कार्मिक विभागाने तोडगा काढला. सरकारचा वाटा चालू राहील, फक्त विमा राजधानी वॉशिंग्टनच्या छोट्या उद्योगांसाठीच्या बाजारातून घ्यायचा.

छोटे उद्योग म्हणजे पन्नासपर्यंत कर्मचारी असलेले. एका सभागृहात ४३५ सदस्य, दुसऱ्यात १००, आणि दोन्हीकडे मिळून हजारो कर्मचारी. पुढे बाहेर आलेल्या अर्जांत कर्मचाऱ्यांची संख्या लिहिली होती ४५. तुम्ही करविवरणात मुलाच्या जन्मतारखेतला एक आकडा चुकवून पाहा, किती प्रेमाने पत्र येतं ते.

विस्कॉन्सिनचे सिनेटर रॉन जॉन्सन यांनी या तोडग्याविरुद्ध दावा लावला. न्यायालयाने विचारलं, यात तुमचं नुकसान काय झालं? फायदाच झालाय की. जुलै २०१४ मध्ये दावा निघाला, आणि पुढच्या वर्षी अपिलातही तेच झालं. लुइझियानाचे रिपब्लिकन सिनेटर डेव्हिड विटर सिनेटच्या लघुउद्योग समितीचे अध्यक्ष झाल्यावर म्हणाले, अर्जावर ४५ कुणी लिहिलं ते समन्स काढून विचारू. समितीत बहुमत त्यांच्याच पक्षाचं. एप्रिल २०१५ मध्ये मतदान झालं आणि समन्स १४ विरुद्ध ५ मतांनी फेटाळलं गेलं. विरोधात त्यांच्याच पक्षाचे पाच जण होते. अमेरिकेत दोन पक्ष कशावरच एकत्र येत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाकिटात जपून ठेवावा. (जाता जाता, कॅपिटॉलमध्ये सदस्यांसाठी १९२८ पासून स्वतंत्र डॉक्टर बसतात. वर्षाची ठरावीक फी भरायची, अपॉइंटमेंटसाठी तीन आठवडे नाहीत.)

आणि हे सगळं एकाच पक्षाचं पाप समजू नका. २०१७ मध्ये रिपब्लिकनांची पाळी आली. सात वर्षं ‘संसदेने स्वतःला सूट घेतली’ म्हणून घसा कोरडा केलेल्यांनी स्वतःचं विधेयक आणलं. राज्यांनी ठरवलं तर विम्यातल्या आवश्यक सेवा वगळता येतील, आजारी माणसाला जास्त हप्ता लावता येईल, अशी त्यात सोय. पण एक ओळ अशी की संसद सदस्यांच्या विम्याला हे लागू नाही. बभ्रा झाल्यावर खुलासा आला की सिनेटच्या नियमांमुळे तसं लिहावं लागलं, हेतू वाईट नव्हता. ती ओळ काढायला त्यांच्याच पक्षाच्या मार्था मॅकसॅली यांनी वेगळं विधेयक मांडलं. ४ मे २०१७ रोजी ते प्रतिनिधिगृहात ४२९ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झालं आणि त्याच दिवशी मूळ विधेयक २१७ विरुद्ध २१३ मतांनी. दोन्ही सिनेटकडे गेली. दोन्ही तिथेच राहिली.

तुमचंही भलं झालंय म्हणा. विमा नसल्याचा केंद्र सरकारचा दंड २०१९ पासून शून्य डॉलर झाला, म्हणजे विजेची नोटीस आता जोडावी लागत नाही. विमा हवाच असेल आणि पगार मदतीच्या मर्यादेपलीकडे असेल, तर हप्ता मात्र पुरता तुमचा. त्यातला मोठा वाटा दुसऱ्याने उचलावा असं वाटत असेल तर निवडून या. प्रतिनिधिगृहाला वय २५ आणि नागरिकत्वाची ७ वर्षं लागतात, सिनेटला ३० आणि ९. ग्रीन कार्डच्या रांगेत असाल तर त्या वर्षांत रांगेची वर्षं मोजली जात नाहीत, तेव्हा मुलांच्या नावाने तयारी सुरू करा.