खुलासा: ग्राफिक्स कार्डचं मॉडेल पाहायला कॉम्प्युटरची केस उघडावी लागत नाही

‘विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (जोडलेल्या हार्डवेअरच्या यादीत) नुसतं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर दिसत असेल, तर केस उघडल्याशिवाय कार्ड कळणार नाही,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नसला की विंडोज ते सर्वसाधारण नाव दाखवतं. कार्डाचा ओळख क्रमांक मात्र तेव्हाही वाचता येतो. त्याच नावावर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी निवडा. ‘व्हीईएन’ (VEN) पुढचे चार अंक (त्यात अक्षरंही असतात) चिपच्या कंपनीचे: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ एएमडी, ८०८६ इंटेल. ‘डीईव्ही’ (DEV) पुढचे चार चिपचे. ‘सबसिस’ (SUBSYS) मधले शेवटचे चार बहुधा कार्ड बनवणाऱ्याचे: १०४३ आसूस, १४६२ एमएसआय, १४५८ गिगाबाइट. हे क्रमांक पीसीआय आयडीच्या (अशा ओळख क्रमांकांच्या) सार्वजनिक यादीत कुणालाही ताडून पाहता येतात.

ड्रायव्हर असला तरी नुसत्या नावावर थांबू नका. एनव्हिडियाच्या जीटी १०३० याच नावाने जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन प्रकारच्या मेमरीची कार्डं विकली गेली. मेमरीचा वेग अनुक्रमे सेकंदाला सुमारे ४८ जीबी आणि १७ जीबी, म्हणजे जवळपास तिपटीचा फरक! जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये मेमरीचा प्रकार स्पष्ट दिसतो. जुना पीसी विकत घेताना हा प्रोग्रॅम चालवून बघाच, कारण कार्डातलं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं सॉफ्टवेअर) बदलून खोटं नाव दाखवणारी कार्डंही बाजारात आहेत.

उगाच केस उघडण्यात वॉरंटीचं सील तुटू शकतं. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.